माननीळ

"माननीळ अध्यक्ष, आदरणीळ पाहुणे आणि माझ्या प्रिळ मित्रमैत्रिणींनो!"

एवढं म्हणून मी थांबले. संबोधन झालं की एक श्वास घ्यायचा, असं मुख्याध्यापक झोपे सरांनी बजावून ठेवलं होतं. मी श्वास घेतला आणि तेवढ्या फटीत पहिलं हसू ऐकू आलं. सतरंजीवर मागं बसलेल्या पोरांचं होतं ते. मला वाटलं, माझा आवाज तिथवर पोचत नसावा. म्हणून पुढचं वाक्य मी दुप्पट जोरात म्हटलं.

"आपल्या विद्यालळात आपले स्वागत करताना आमचे हृदळ आनंदाने भरून आले आहे!"

मग मात्र अख्खं मैदान हसलं. ध्वजवंदनाला पाहुणे म्हणून तालुक्याहून कुणी साहेब आले होते, त्यांनी तोंडाला रुमाल लावला. शिपाई हसला, बालवाडीच्या बाई हसल्या. आणि पहिल्या रांगेत बसलेले माझे अण्णा, म्हणजे माझे वडील, ज्यांनी लेकीचं भाषण म्हणून खास इस्त्रीची टोपी घातली होती, तेही हसले. सगळे हसताहेत म्हणून हसले. का हसताहेत ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मला तेच फार लागलं. उरलेलं भाषण मी कसं उरकलं ते आठवत नाही.

आता हे झालं कसं, ते सांगायला हवं. आमचं गाव सांगवळ. सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या मुलखात. आमच्याकडे ळ हे अक्षर पुस्तकात असतं, तोंडात नसतं. तोंडात त्याच्या जागी य. शाळेला आम्ही शाया म्हणतो, डोळ्याला डोया, केळीला केयी. गावाचं नावही सांगवय. माझं आडनाव भंगाळे, पण आठवीपर्यंत मी ते भंगाये असंच सांगत आले आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. पण झोपे सर पडले शुद्ध भाषेचे भोक्ते. ते स्वतः याच मुलखातले, फक्त शिक्षणाच्या निमित्तानं काही वर्षं पुण्याला राहून आले होते, आणि येताना ळ सोबत घेऊन आले होते. स्वागताचं भाषण मला दिल्यावर त्यांनी एकच मंत्र दिला. "हेमलता, तुझ्या तोंडात य आला की समज, चुकला. तिथं ळ म्हणायचं."

मी आज्ञाधारक मुलगी. जिथं जिथं य दिसला तिथं तिथं ळ म्हटलं. एकही सोडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझं नाव माननीळ झालं. हजेरी सुरू झाली की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "माननीळ हजर आहेत का?" मी घरी येऊन रडले, तेव्हा माझ्या मायनं मला जवळ घेतलं आणि खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं विचारलं, "काय चुकलं व तुयं? मले त समदं समजलं!" मायला समजलं याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. तालुक्याच्या साहेबांनी रुमाल तोंडाला लावला होता ना.

मी शाळेत बोलायचं सोडून दिलं. ठरवून नाही, तोंड उघडायला गेलं की कुठला य चांगला आणि कुठला वाईट हेच समजेनासं झालं होतं. दोन्ही अक्षरांची मला सारखीच धास्ती बसली. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं. हजेरीला हात वर करायचा, प्रश्न विचारला तर मान खाली घालायची. कविता म्हणायची पाळी आली की घसा बसलाय अशी खूण करायची. घरी मात्र माझा पट्टा चालूच असे, त्यामुळे मायला काही कळलं नाही. अण्णांना कळलं, कारण झोपे सरांनी त्यांना दिवाळीच्या आधी बोलावून घेतलं.

त्या दिवशी अण्णा घरी आले ते जरा गंभीरच होते. जेवताना म्हणाले, "हेमे, शायेत मुकंच बसायचं आसंन त जायाचं कायले? मुकी त आपली गाय बी हाये. ती दूध त देते."

माय हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. पण अण्णांनी पुढं म्हटलं, "आठवी होऊ दे. मंग मामाच्या गावाले धाडू. शिवनकाम शिकंन, तिथी बोलायचं काम नाई."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. रागावलेले अण्णा दोन दिवसांत विरघळत. शांतपणे ठरवलेलं ते मागं घेत नसत. आणि मला शाळा हवी होती. फार हवी होती. पण शाळा टिकवायची तर बोलायला हवं होतं, आणि तेच तर होत नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्या मराठीच्या पाटीलबाईंची बदली झाली आणि त्यांच्या जागी तडवी सर आले. सुभान तडवी. उंच, काटकुळे, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरून सायकल मारत येणारे. तडवी भिल्लांतला मुलगा मराठीचा मास्तर म्हणून येतो, याचीच गावाला गंमत वाटली. पारावर चर्चा झाली, "आता तडव्याचा पोऱ्या आपल्याले मराठी शिकवंन!" ज्यांनी ही चर्चा केली त्यांतल्या एकालाही स्वतःच्या गावाचं नाव धड उच्चारता येत नव्हतं, हे आज आठवलं की मला हसू येतं.

पहिल्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली. "भंगाळे हेमलता."

मी हात वर केला. मागून खसखस पिकली. सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या बाकांकडे पाहिलं, आणि पुढचं नाव घेतलं. रागावले नाहीत, विचारलं नाही. त्या आठवड्यात त्यांनी आम्हाला 'आमची शेती' असा निबंध लिहायला दिला. लिहिण्यात मी कच्ची नव्हते. कागदावर ळ आणि य आपापल्या जागी शहाण्यासारखे बसत. मी आमच्या केळीबद्दल दोन पानं लिहिली आणि आजोबांनी खणलेल्या विहिरीबद्दल चार ओळी.

मधल्या सुट्टीत सरांनी मला पाण्याच्या टाकीजवळ थांबवलं.

"हेमलता, जानेवारीत तालुक्याला वक्तृत्व स्पर्धा आहे. आपल्या शाळेकडून मी तुझं नाव देतोय."

मी जोरजोरात मान हलवली.

"काय झालं होतं ते मला ठाऊक आहे. मुलांनीच सांगितलं. मला सांगतानासुद्धा हसत होती."

मी टाकीच्या नळाकडे बघत राहिले.

"भाषण मी लिहून देईन. तू नुसतं पाठ करायचं. आणि ऐनवेळी तुला नको वाटलं, तर माझ्याकडे बघ. मी उठून सांगेन, मुलीला ताप आलाय. खोटं बोलल्याचं पाप माझ्या डोक्यावर. जमेल?"

 या खेपेला मी मान नाही अशी हलवली नाही. सरांना तेवढं पुरलं. त्यांनी सायकलला टेकवलेली पिशवी उचलली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या खिडकीखालून जाताना झोपे सरांचा आवाज ऐकला. "अहो तडवी, मुकी मुलगी वक्तृत्वाला? एकदा गावात हसं झालं, आता तालुक्यात करायचंय का?" तडवी सर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. पण नाव काही परत घेतलं गेलं नाही.

भाषण मिळायला बरेच दिवस लागले. मला वाटलं, सर विसरले. मग एका संध्याकाळी त्यांनी मला शाळेमागच्या कडुनिंबाच्या पारावर बोलावलं आणि कागद हातात दिला. विषय होता विहीर. मी हिरमुसले. केळीबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं कितीतरी होतं. खोडं लावण्यापासून घड उतरवण्यापर्यंत सगळं मला येत होतं. आणि त्या हिरमुसलेपणातच माझ्या तोंडून शब्द निघून गेले. शाळेच्या आवारात कितीतरी महिन्यांनी.

"सर, केयीवर नको?"

केयी म्हटल्यावर मी जीभ चावली. सरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"नको. त्या पिकावर दहा जण बोलतील. विहिरीवर तूच एकटी."

मग रोज शाळा सुटल्यावर पारावर सराव सुरू झाला. पहिल्यांदा मी पुटपुटले. मग सर पाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. तिथं ऐकू जाईना म्हणून मला आवाज चढवावा लागला. मग ते सायकलपाशी जाऊन उभे राहिले. नंतर फाटकापाशी. माझी एकही चूक त्यांनी काढली नाही, कारण आश्चर्य म्हणजे माझी एकही चूक होत नव्हती! मला वाटलं, मी बरी झाले. ताप उतरावा तशी आपोआप बरी झाले. त्या वाटण्यानं माझी मान जराशी वर झाली होती, हे खरं.

एकदा मी म्हटलं, "सर, इथी 'अगदी खाली' हाये, त्याच्या जागी 'तयाशी' म्हनू का? बरं वाटते." मला तळाशी म्हणायचं होतं.

"नको. 'अगदी खाली' असंच म्हण. आणि म्हणताना हात असा खाली ने. लोक आपोआप वाकून बघतील."

"आन् सुरुवातीले ते... अध्यक्षांचं?" तो शब्द उच्चारायची माझी छाती नव्हती.

"त्याची गरज नाही. नमस्कार पुरे."

"पन सगये म्हनतात, सर."

"म्हणू दे. तू नमस्कार कर, आणि बोल."

स्पर्धेच्या दिवशी आम्ही एसटीनं तालुक्याला गेलो. झोपे सर, तडवी सर, मी, आणि अण्णा. अण्णांना कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी ते टोपी घालून तयार होऊन बसले आणि म्हणाले, "मी येतो. पाहू तं." त्यांना काय पाहायचं होतं ते मला पक्कं माहीत होतं. माझी नववी त्या दिवसावर टांगलेली होती.

हायस्कूलचा हॉल भरलेला होता. माझ्या आधी सात-आठ मुलं बोलली. प्रत्येकजण मंचावर जायचा, छाती पुढं काढायचा आणि सुरू करायचा, "माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय परीक्षक..." प्रत्येक माननीयला मी मान खाली घालायची. दोघं केळीवर बोलले. मग माझं नाव पुकारलं गेलं.

मी पायऱ्या चढले. मंचाच्या कडेला टेबलाशी बसलेल्या गृहस्थांनी हसून विचारलं, "बाळ, पूर्ण नाव सांग बरं तुझं." ते प्रेमानंच विचारत होते. पण माझ्या घशात भंगाळे आणि भंगाये एकदमच आले आणि अडकले. मी समोर पाहिलं. तडवी सर उठून उभे राहिले होते. मला वाटलं, आता ताप आला म्हणून सांगणार.

"साहेब, नाव कागदावर आहे. समोरच आहे," ते मोठ्यानं म्हणाले आणि मला फक्त मानेनं खुणावलं. बोल.

मी बोलले.

"इथं जमलेल्या सर्वांना माझा नमस्कार. मी आज एका विहिरीबद्दल बोलणार आहे. माझे आजोबा ती विहीर खणत होते, तेव्हा गावातले लोक हसत होते. म्हणत होते, इथं दगड लागेल, पाणी नाही. आजोबा कुणाला काही बोलले नाहीत. ते खणत राहिले. दगड लागला. आजोबांनी दगड फोडला. खाली पुन्हा दगड. तो पण फोडला. आणि मग खाली, अगदी खाली, अंधारात एक बारीकसा झरा फुटला..."

मी हात खाली नेला आणि पहिल्या दोन रांगा खरोखरच वाकल्या. त्यानंतर मला कसलीच भीती राहिली नाही. "हसलेले लोक पण आज तिथंच पाणी भरतात. आजोबा कुणालाच नको म्हणत नाहीत. विहीर कधी विचारत नाही, की तू तेव्हा हसला होतास का." इथं आल्यावर मी नकळत अण्णांकडे पाहिलं. अण्णा टोपी हातात घेऊन बसले होते आणि अजिबात हसत नव्हते. शेवटी टाळ्या पडल्या. इतक्या, की खाली उतरताना मला माझ्या चपलांचा आवाज ऐकू आला नाही.

पहिला नंबर माझा, अशी माझी खात्री झाली. निकाल लागला तेव्हा माझं नाव उत्तेजनार्थमध्ये होतं. परीक्षकांनी कारणही सांगितलं. सांगवळच्या मुलीचा आवाज आणि विषय दोन्ही उत्तम, पण तिनं अध्यक्षांना आणि परीक्षकांना संबोधन केलं नाही. हा वक्तृत्वाचा पहिला नियम. त्यामुळे गुण कापावे लागले.

झोपे सर तिथंच, चार शाळांच्या शिक्षकांसमोर, तडवी सरांवर उखडले. "एवढं साधं कळत नाही तुम्हाला? मराठी शिकवता ना? हातातलं बक्षीस घालवलंत!"

"विसरलो, सर," तडवी सर म्हणाले.

विसरलो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते, अण्णा शेजारी, तडवी सर पुढच्या बाकावर. गाडी स्टँडच्या बाहेर पडायच्या आतच माझं तोंड सुटलं.

"सर, तुमी इसरलेच कसे? मी इचारलं होतं ना तुमाले? सगये म्हनतात म्हनून सांगलं होतं ना?"

सर मागं वळले.

"तुमीच म्हनले, नमस्कार पुरे! कायचा पुरे? त्या केयीवाल्या पोऱ्याले पहिला नंबर भेटला, त्याले धड बोलता बी येत नव्हतं! शाया सुटल्यावर रोज बसे मी, रोज! घसा कोरडा पडे!"

"अवं, हयू," अण्णा ओशाळून म्हणाले. "सर हायेत ते."

"हायेत त काय झालं? माया नंबर गेला ना!"

कंडक्टर तिकिटं फाडायचं थांबून ऐकायला लागला. माझ्या बोलण्यात किती य होते आणि किती ळ हवे होते, याचा मला पत्ता नव्हता. मी नुसती भांडत होते. सर मात्र रागावण्याऐवजी असे बघत होते, की मला आणखीच चेव आला.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक माझीच आहे. बोल, अजून बोल."

मी बोलले. सांगवळ येईपर्यंत बोलले. उतरताना अण्णा एवढंच म्हणाले, "आवाज मायवर गेला पोरीचा." आणि थोडं पुढं गेल्यावर, "नववीचे पुस्तकं कुठी भेटतात, इचारून ठेव."

तडवी सर आम्हाला दहावीपर्यंत होते. मग त्यांची बदली झाली, मी शिकायला बाहेर पडले, आणि जगात जे होतं तेच झालं. वर्षं गेली. आज मी वकील आहे. दिवसातून किती वेळा माननीय न्यायालय म्हणते त्याला गणती नाही, आणि तो य अगदी जागच्या जागी असतो. शाळेतल्या भाषणाचा विषय कधी निघालाच, तर मी मजेनं सांगायची, की आमचे सर संबोधन विसरले आणि माझा नंबर हुकला.

गेल्या वर्षी आम्ही नाशिकला गाडीनं निघालो होतो. नवरा गाडी चालवत होता, मागं माझी मुलगी सई. तिला एक खेळ लागला होता. एक अक्षर बंद करायचं, ते न वापरता जो जास्त वेळ बोलेल तो जिंकला. तिनं ळ बंद केला.

"हे तर काहीच नाही, वेळ..." म्हणून माझा नवरा पहिल्याच वाक्यात बाद झाला.

माझी पाळी आली. मला लांबलचक असं काही सुचेना. पाठ असलेली एकच गोष्ट आठवली, तीच सुरू केली. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात बाद होईन, अशीच कल्पना होती. "इथं जमलेल्या सर्वांना माझा नमस्कार. मी आज एका विहिरीबद्दल..."

सई बोटं मुडपून ऐकत होती. मी बोलत गेले. दगड आला, झरा आला, हसलेले लोक पाणी भरून गेले. भाषण संपलं.

"आई, हे चीटिंग आहे," सई म्हणाली. "तू आधीच तयार करून आणलंयस. अख्ख्या भाषणात एकपण ळ नाही!"

"नाही गं, मी नाही तयार केलं," मी म्हणाले. मी तेच भाषण मनात पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. या वेळी य शोधत. जोडाक्षरात दडलेला सोडला, तर सुटा य एकही नव्हता. केळी नव्हती. तळ नव्हता. माननीय नव्हता, आदरणीय नव्हता.

सर काहीही विसरले नव्हते.

मी नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. चार शाळांच्या शिक्षकांसमोर मान खाली घालून विसरलो म्हणणारा तो काटकुळा माणूस मला दिसत होता. आणि त्याला एसटीत फैलावर घेणारी मीही.

सरांचा पत्ता शोधून काढला. निवृत्तीनंतर ते आपल्या पाड्यावरच राहत होते. दोन खोल्या, अंगण, अंगणात पेरूचं झाड. मी आत शिरले तेव्हा ते खाटेवर बसून लसूण सोलत होते. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "हेमलता भंगाळे."

"भंगाये, सर," मी म्हणाले.

ते मनापासून हसले. आयशाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच टेकल्या.

"सर, ते विहिरीचं भाषण..."

"कळलं वाटतं," सर म्हणाले. "वकील ना तू? फारच उशीर लावलास."

"मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू ओळीओळीत ळ धुंडाळत बसली असतीस. नसलेल्या अक्षराची पण भीती वाटते माणसाला."

"आणि नंतर? नंतरच्या भाषणांत तर ळ होते."

"दुसऱ्या भाषणात एक घातला. तिसऱ्यात दोन. मीठ कसं, चाखत चाखत घालतात. दहावीच्या निरोपाला तू धडाधड बोलत सुटलीस, तेव्हा मी मोजायचं सोडून दिलं."

मी वाटेत बरंच काही जुळवून आणलं होतं. वकिलाला शब्दांची ददात कुठली? पण त्या अंगणात त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. "सर, तुम्ही नसता तर माझी शाळा तिथंच संपली असती," एवढंच कसंबसं म्हटलं. सर पुन्हा खाली बघून लसूण सोलायला लागले. स्तुती झाली की कुठं बघावं, ते त्यांना समजत नसावं.

"तिले त्या महिन्याचं सांगा ना," उंबऱ्यातून आयशाकाकू म्हणाल्या. "मायावर काय बीतलं ते."

"राहू दे गं."

"राहू दे कशाले? मीच सांगते. आव माय, तुयं ते भाषन लिहिलं तवापासून हा मानूस घरात भलताच बोलू लागला. मायं नावच घेईना! 'ऐकलं का' म्हने. चाय मांगेना, नुसता कप दाखवे. पोयी म्हनेना, भाकर म्हने. मले वाटे, मायं कायतरी चुकलं, मायावर रागावले."

"सरावात माझ्या तोंडून एखादा ळ किंवा य निसटला असता, तर ही मुलगी दचकली असती," सर लसणाशीच बोलावं तसं बोलले. "म्हणून म्हटलं, घरापासूनच सवय लावावी."

"मले सांगायचं तं होतं! मी रडे एकली चुलीपुढं. माहेरी जायाले पिशवी भरून ठेवेल होती मी." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. त्या हसत होत्या. "मंग एक दिवस दिवेलागनीले आले. सायकल लावली नाई, अंगनात टाकलीच. आन् तिथूनच वरडले, साऱ्या पाड्यानं आयकलं. 'आयशा! ओ आयशा! आज पोरगी मायासंगं भांडली!'"